भाऊसाहेबांची तपासणी

"ते सांगायलंय, आपल्याला ऐकू येईना," असं आमच्या कंपनीतल्या काकू म्हणायच्या. कशाबद्दलही. मोल्डिंगचं मशीन कुरकुरायला लागलं तरी हेच, आणि पर्चेसचे साहेब सकाळी सकाळी शिपायावर खेकसले तरी हेच. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूच फिरवायच्या.

ती त्यांच्या हाताची सवयच होती. दिवसातले आठ तास त्या दोन बोटांमध्ये रबराची रिंग असायची. तळवड्यातली आमची कंपनी लहान. गाड्यांना लागणारे रबरी सील आम्ही बनवतो, ते पुढे चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जातात. मी स्टोअर सांभाळतो, आणि त्या शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसायच्या. रिंग बोटांतून एकदा फिरवायची. चांगली असली तर ट्रेमध्ये, खराब असली तर लाल डब्यात. बहुतेक वेळा डोळे मिटलेले. नव्याने आलेल्या क्वालिटी मॅनेजरला वाटलं, बाई झोपा काढतात. त्याने लाल डब्यातली एक रिंग भिंगाखाली धरली. केसाएवढी जादा कड निघाली. दुसरी घेतली, तिसरी घेतली, तेच. त्यानंतर तो त्यांच्या टेबलावरून जाताना पावलं न वाजवता जायचा.

सगळे त्यांना काकू म्हणत. वय पंचेचाळीसच्या आसपास, माणूस किरकोळ, साडीवर कंपनीचा निळा कोट. लातूरकडच्या. लग्न होऊन दापोडीला आल्या त्याला वीस वर्षं झाली होती, पण बोलणं तिकडचंच राहिलं. नवरा कंपन्यांच्या बसवर ड्रायव्हर. असल्या माणसांकडे आपण सहसा दुसऱ्यांदा बघत नाही. मीही बघितलं नसतं, पण एक दिवस माझ्या स्टोअरमध्ये धामण निघाली.

खोक्यांच्या मागून चांगली सहा फुटांची धामण बाहेर आली आणि आम्ही सगळे बाहेर पळालो. वॉचमन काठी घेऊन धावत आला. त्याच्या मागून काकू आल्या, हातात प्लॅस्टिकचा पाइप आणि एक कापडी पिशवी. वॉचमनची काठी त्यांनी काढून घेतली आणि माझ्याकडे दिली, मी काही ती वापरणार नाही याची खात्री असल्यासारखी. पाइपच्या एका तोंडाला पिशवी बांधली, दुसरं तोंड कोपऱ्यात लावलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या. धामण स्वतःहून अंधाऱ्या पाइपात शिरली आणि पिशवीत उतरली. मग त्यांनी वन खात्याच्या माणसाला फोन लावला, आणि तो येईपर्यंत मला विचारलं की उंदीर कशावर जगतात. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात फरसाण होतं. ते त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. सापाला आमंत्रण मीच दिलं होतं, एवढं मात्र त्या दिवशी सगळ्या कंपनीला कळलं.

काकू सर्पमित्र होत्या. दापोडी, सांगवी, बोपखेलपर्यंत कुठेही साप निघाला की त्यांना फोन यायचा, आणि शिफ्ट संपली असेल तर त्या स्कूटरवरून जायच्या. पकडायचा, कळवायचा, लांब सोडून द्यायचा. जवळ ठेवायचा नाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल त्या फार कडक होत्या, आणि माझी अडचण तिथेच होती.

कारण माझ्या घरी साप होता.

आम्ही सांगवीत राहतो, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. माझी मुलगी सायली तळवड्याच्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करते. तिचा एक मित्र जर्मनीला गेला आणि जाताना आपला साप तिच्या गळ्यात घालून गेला. बॉल पायथन म्हणतात त्याला. परदेशी जात, बिनविषारी, सरकारी कागदपत्रं रीतसर केलेली. तीन-साडेतीन फूट लांब, मनगटापेक्षा जाड, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. मित्राने त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं होतं. माझी बायको पहिला आठवडा त्या खोलीत गेली नाही. दुसऱ्या महिन्यात ती ऑफिसातून आलेल्या सायलीला विचारू लागली, भाऊसाहेब जेवले का.

स्वभाव नावाला शोभेल असा होता. शांत, भारदस्त, कशाचीच घाई नाही. सायलीची ऑनलाइन मीटिंग चालू असली की ते तिच्या कोपरापाशी वेटोळं करून पडून राहायचे.

हे मी काकूंना कौतुकाने सांगितलं होतं. त्यांनी हातातली रिंग खाली ठेवली, एवढंच म्हणाल्या, "साप हाय तो सर, गाईगुरं न्हाई." आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

चार महिने झाले आणि भाऊसाहेब बदलले. आधी जेवण सोडलं. मग सायलीने उचलायला हात घातला की अंग फुगवून फूत्कार टाकू लागले. पूर्वी हातावर सैल पडून राहणारं अंग आता मागच्या बाजूने ताठ व्हायचं, झटके द्यायचं. दिवसभर पेटीच्या गरम कोपऱ्यात पडून राहायचे, आणि तेही कसे? अर्धं अंग पिळून, पोट वर करून. मेलेला साप पडतो तसे. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती देवघरात जाऊन बसली.

आणि एका संध्याकाळी ते सायलीच्या मनगटाला चावले. चार बारीक टोचे, दोन थेंब रक्त. जखम काहीच नव्हती. पण सायली रात्रभर रडली, ती दुखलं म्हणून नव्हे.

आम्ही जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस, तरुण. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याकडे कुत्री-मांजरं येतात, सापाचा अनुभव नाही. आतडं अडलेलं असू शकतं. आठवडाभर बघू, नाहीतर नळीने खाणं पोटात घालावं लागेल. सायलीने इंटरनेटवर वाचलं. तिथे कोणी लिहिलं होतं की अंग असं पिळतं ते मेंदूच्या रोगाने, त्याला उपाय नाही, जनावराला झोपवावं लागतं.

त्यात चावल्याची बातमी लिफ्टमधून सगळ्या इमारतीत पोचली. रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. आमचे चेअरमन जुन्या सांगवी गावातले, वाडवडील शेतकरी, जमिनीवर आता इमारती उभ्या. माणूस मोठ्या आवाजाचा पण वाईट नाही. त्यांनी सायलीला समजावून सांगितलं की लहान लेकरं असलेली वस्ती आहे, लोक घाबरलेत, आठ दिवसांत त्याची काहीतरी व्यवस्था कर. सायली मान खाली घालून हो म्हणाली. मुंबईच्या कोणा माणसाने साप घ्यायची तयारी दाखवली होती. त्याच्याशी बोलताना मला तो माणूस बरा वाटला नाही. सायलीलाही वाटला नसावा, कारण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पेटीपाशी बसून होती.

सोमवारी मी काकूंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. कसं विचारावं ते सुचेना. त्यांनीच डोळे उघडले आणि विचारलं, काय झालंय.

मी सगळं सांगितलं. पोट वर करून पडतो हे ऐकल्यावर त्यांचं बोट रिंगवर थांबलं. साडेतीनला शिफ्ट सुटली की येते, म्हणाल्या. पूल ओलांडला की दापोडी, वाटेवरच आहे.

काकू आल्या. चहा नको म्हणाल्या, हात नुसत्या पाण्याने धुतले आणि पेटीसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. बसल्या त्या बसल्याच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझ्या बायकोने मला खुणेने विचारलं की या काही करणार आहेत का. मी खांदे उडवले. भाऊसाहेब नेहमीसारखे गरम कोपऱ्यात पिळून पडले होते.

मग त्यांनी सायलीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मेंदूच्या रोगाबद्दल एकही नाही. गरम बाजूला कधीपासून जातो, आधी कुठे पडायचा? कात कधी टाकली? पोट वर करतो तेव्हा कुठलं पोट, पुढचं की मागचं? आणि फूत्कार टाकतो तो हात दिसल्यावर की हात लागल्यावर?

सायली विचारात पडली. हात लागल्यावर, ती म्हणाली.

"कुठं लागल्यावर?"

सायली आठवू लागली. मान धरली तर काही करत नव्हते. पुढच्या अंगालाही काही नव्हतं. मागे, शेपटीच्या आधीच्या हातभर भागाला बोटं लागली की ताठ व्हायचे. चावले त्या दिवशीही तिने त्यांना मागून, मधोमध पकडून उचललं होतं. हे तिला माहीत होतं, पण कोणी विचारेपर्यंत तिला ते दिसलं नव्हतं. आपलंही पुष्कळदा असंच होतं, नाही का?

काकूंनी दोन्ही हात पेटीत घातले. पकडलं नाही. सापाच्या अंगाखाली तळवे सरकवले आणि ओंजळीत पाणी घ्यावं तसं त्यांना वर घेतलं. एक फूत्कार आला. त्या हलल्या नाहीत. दुसरा अर्धवटच आला. मग भाऊसाहेब त्यांच्या तळव्यांवरून पुढे सरकू लागले, आणि काकूंनी डोळे मिटले.

ते मिटलेले डोळे मी रोज बघत होतो. अंगठा दाबत नव्हता, नुसता खाली टेकवलेला होता, आणि साप आपल्या चालीने त्यावरून जात होता. एका जागी त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी साप पुन्हा दुसऱ्या हातावर घेतला आणि तोच भाग पुन्हा जाऊ दिला. ओठ पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र म्हणताहेत. त्या मोजत होत्या.

भाऊसाहेबांना त्यांनी अलगद पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि आमच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"सर," त्या म्हणाल्या, "भाऊसाहेबांना दिवस गेलेत."

 माझी बायको आधी सावरली. ती काकूंसाठी चहा ठेवायला आत गेली, आणि या वेळी काकू नको म्हणाल्या नाहीत.

चहा पिताना उलगडा झाला. सायलीला आठवलं, मित्राकडे आधी दोन साप होते, एकाच पेटीत ठेवलेले. विकणाऱ्याने दोन्ही नर म्हणून दिले होते. त्यातला एक त्याने सहा महिन्यांपूर्वी कोणाला तरी दिला, उरलेले भाऊसाहेब आमच्याकडे आले. त्या भाऊसाहेब नव्हत्याच. जेवण सोडलं होतं कारण पोटात जागा नव्हती. पोट वर करत होत्या ते अंड्यांना ऊब मिळावी म्हणून. आणि चावल्या होत्या त्या अंड्यांवर हात पडला म्हणून. काकूंनी सहा मोजली होती.

सायलीने विचारलं की तुम्हाला नुसतं ऐकून शंका कशी आली. काकूंनी कप खाली ठेवला. मग सांगितलं.

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांच्या दापोडीच्या गल्लीत, रेल्वेच्या भिंतीकडून, एक घोणस आली होती. मोठी, फुगलेली, जागची हलत नव्हती, नुसती कुकरसारखी शिट्टी घालत होती. लोक म्हणाले, चवताळलीय. चार माणसांनी तिला ठेचली. घोणस अंडी घालत नाही, तिला पिल्लंच होतात. पोट फुटलं आणि वीतभर लांबीची पिल्लं बाहेर आली, जिवंत. तीही मारली.

"काठी माझ्या घरची होती," काकू म्हणाल्या. "मीच आणून दिली. ती सांगायली होती ओ, जवळ येऊ नका म्हणून. आमाला ऐकू आलं न्हाई."

त्यानंतर वर्षभराने त्या वन खात्याच्या एका शिबिराला जाऊन बसल्या. तिथे त्या एकट्याच बाई होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर गोळ्यांची एक रांग दिसली. डॉक्टरांनी मशीन बंद केलं आणि काकूंचा नंबर मागून घेतला. नळीने खाणं घातलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

उरला सोसायटीचा प्रश्न. आठ दिवस संपत आले होते. रविवारी काकू सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीची साडी नेसून मीटिंगला आल्या. मी भाषणाची तयारी केली होती. मुद्दे कागदावर लिहिले होते, कायद्याचे, विज्ञानाचे. चेअरमननी विचारलं की साप अजून का हाय. मी कागद उलगडला. काकूंनी त्याआधीच चेअरमनना विचारलं, तुमच्याकडे पूर्वी गाई होत्या ना?

होत्या की, चेअरमन म्हणाले. सहा होत्या.

"व्यायला झालेली गाय लाथ मारती का न्हाई?"

 चेअरमनच्या डोक्यात काय सरकलं ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

"गाभण हाय व्हय ती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. काकूंनी मान हलवली. चेअरमन उठून उभे राहिले आणि सभासदांना म्हणाले, "मंग विषय संपला. गाभण जनावर दारातनं घालवत न्हाईत. आमच्यात तरी न्हाई घालवत."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काही विचारायला हात वर केला होता, तो त्यांनी खाली घेतला. माझा मुद्द्यांचा कागद अजून कुठेतरी घरात आहे.

तीन आठवड्यांनी अंडी आली. ओलसर शेवाळ घातलेल्या डब्यात, दुपारच्या वेळी. सायलीने फोन केला आणि मी कंपनीत तपासणीच्या टेबलाकडे अक्षरशः पळत गेलो. सात अंडी होती. मला वाटलं काकू आनंदतील. आनंदल्या, पण त्यांच्या कपाळावर एक आठीही आली. मी सहा म्हणलं होतं, त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत रिंगा दोनदा तपासत राहिल्या.

भाऊसाहेबांनी, नाव आता बदलायचं नाही असं ठरलं होतं, सातही अंड्यांभोवती वेटोळं घातलं आणि त्या दोन महिने उठल्या नाहीत. डॉक्टर तापमान बघायला यायचे. काकू शिफ्ट सुटल्यावर यायच्या, पाच मिनिटं फरशीवर बसायच्या आणि जायच्या. डॉक्टर आणि काकू एकाच वेळी आले की डॉक्टर वही काढायचे. साप कधी रागावलेला असतो आणि कधी घाबरलेला, मानेचा बाक कसा ओळखायचा, जीभ भरभर आणि सावकाश यांत फरक काय, असलं विचारून लिहून घ्यायचे. काकूंना त्याचं फार अवघड वाटायचं. त्या माझ्या बायकोकडे बघत उत्तरं द्यायच्या.

पहिलं अंडं फुटलं त्या दिवशी काकूंनी रजा टाकली होती. सहा वर्षांत घेतलेली पहिली. चामड्यासारख्या कवचावर एक बारीक चीर पडली, आणि तिच्यातून हरभऱ्याच्या दाण्याएवढं नाक बाहेर आलं. चेअरमन नारळ घेऊन आले आणि तो कुठे फोडायचा ते न कळल्यामुळे हातात धरूनच उभे राहिले. त्या दोन दिवसांत निम्मी सोसायटी आमच्या हॉलमध्ये येऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तीनदा आल्या.

सहा पिल्लं निघाली. सातवं अंडं पोकळ होतं, पहिल्यापासून. काकूंनी ते बोटांत धरून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मी सहाच म्हणलं होतं," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात कंपनीत असा माणूस उरला नाही ज्याला त्यांनी हे सांगितलं नसेल.

पिल्लांची नोंदणी झाली, ती जाणत्या घरी गेली. भाऊसाहेब सायलीजवळ आहेत, जेवतात, पुन्हा मीटिंगला बसतात. काकू मात्र आमच्या कंपनीत नाहीत. त्या डॉक्टरांनी त्यांचं नाव शहराबाहेरच्या एका प्राणी बचाव केंद्रात सांगितलं. केंद्राच्या लोकांनी बोलावलं, दोन तास काम बघितलं आणि नोकरीच देऊ केली. क्वालिटी मॅनेजरने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, मग निरोपाच्या दिवशी सगळ्यांत मोठा हार त्यानेच आणला. त्यांच्या टेबलावर आता एक नवीन मुलगी बसते. डोळे उघडे ठेवून काम करते, आणि चांगलं करते.

मागच्या महिन्यात सायली आणि मी त्यांना भेटायला गेलो. मागच्या आवारात एका झाडाखाली वन खात्याची पंधरा-वीस माणसं खाकी गणवेशात गोलाकार उभी होती आणि मधे काकू. कोट आता हिरवा होता. समोर एक पन्नाशीचा, भरघोस मिशांचा वनरक्षक दोन्ही हातांत धामण धरून उभा होता. इतकी घट्ट, की त्याची बोटं पांढरी पडली होती. साप शेपटी आपटत होता. वनरक्षकाला घाम फुटला होता, आणि आता काय करू, असं तो त्यांना विचारत होता.

काकूंनी त्याच्या कोपराखाली नुसता हात ठेवला.

"काय करू नका," त्या म्हणाल्या. "त्याला जाऊ द्या की. तुमी रस्ता व्हा."

त्याने एकेक बोट सैल केलं. धामणीची शेपटी थांबली. तिने डोकं उचललं, जीभ बाहेर काढली, आणि मग एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर अशी ती सावकाश वाहू लागली. तो दणकट माणूस श्वास रोखून आपल्याच हातांकडे बघत होता, आणि त्याच्या मिशीखाली हसू पसरत चाललं होतं.

काकूंचं आमच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, थांबा. आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.